हिरव्या जाळीतला चिंतामणी

दिगंबरराव आगाशे यांचा जगात कशावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना सरकारकडून पेन्शन मिळत होतं. खडकीच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूकडे संशयाने बघायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणूस निवृत्त होतो, संशय होत नाही. धायरीच्या मधुमालती सोसायटीत राहायला आल्यापासून ते दूधवाल्याचं माप, लिफ्टचा आवाज आणि चेअरमन आप्पासाहेबांचं हसू यांची सारख्याच निष्ठेने तपासणी करत आले होते. तिन्हींपैकी एकही गोष्ट आजवर पास झालेली नव्हती.

त्यामुळे सुनीतीबाईंची साडी कुरियरने परत आली, तेव्हा त्यांना दुःखाआधी जरा उत्साहच वाटला.

सुनीतीबाई म्हणजे त्यांची पत्नी. हातमागाच्या साड्या विणकरांकडून आणायच्या, घरात फोटो काढायचे आणि ‘धागादोरा’ नावाच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून विकायच्या, हा त्यांचा उद्योग. परत आलेली साडी चिंतामणी रंगाची होती. चिंतामणी हा रंग निळा की जांभळा, यावर पुण्यातल्या दोन बायकांचं एकमत झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही, आणि झालंच तर त्यातली एक पुण्याची नसणार. पण या गिऱ्हाईक बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. फोटोत निळी दिसत होती, हातात आली ती जांभळट.

पाठोपाठ ग्रुप चालवणाऱ्या कादंबरीताईंचा निरोप आला. “सुनीतीताई, मोतिया साडीनंतर रंगाची ही दुसरी तक्रार. तिसरी आली तर नवरात्राच्या प्रदर्शनातल्या तुमच्या स्टॉलचा विचार करावा लागेल.” खाली जोडलेले हात. पुण्यात जोडलेल्या हातांइतकी घाबरण्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

कोथरूडच्या त्या प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून सुनीतीबाई किती वर्षं थांबल्या होत्या, हे दिगंबररावांना माहीत होतं. दर वर्षी त्या गिऱ्हाईक म्हणून जात आणि दुसऱ्यांचे स्टॉल बघून येत. यंदा प्रथमच त्यांचं नाव लागलं होतं. निरोप वाचून त्यांनी साडी घडीवर घडी बसवून कपाटात ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलत असल्या की दिगंबरराव निर्धास्त असत. त्या गप्प झाल्या की त्यांना स्वतःच्या घरात उभं राहायला जागा सापडत नसे.

“मी बघतो,” ते म्हणाले.

“नको,” सुनीतीबाई म्हणाल्या. या एका शब्दात चाळीस वर्षांचा संसार होता.

दिगंबररावांनी तपास सुरू केला. पहिला संशय गिऱ्हाईकावर. बाई साडी एकदा नेसून परत पाठवत असावी, म्हणून त्यांनी साडीचा वास घेतला. नव्या सुताचा आणि कुरियरच्या पिशवीचा वास आला. दुसरा संशय कुरियरवाल्यावर. पण वाटेत कुणी साडी बदलली असेल, तर त्याने तंतोतंत तीच साडी कुठून आणली, या प्रश्नापाशी तपास अडला. तिसरा संशय सुनीतीबाईंच्या मोबाइलवर. तो मात्र टिकला. कारण एकच साडी दिवाणखान्यातल्या ट्यूबखाली निळी, खिडकीत जांभळी आणि स्वयंपाकघरात कुठल्याही सभ्य भाषेत नाव नसलेल्या रंगाची दिसत होती.

दुसऱ्या मजल्यावरचा केदार लग्नांचे फोटो काढत असे. दिगंबरराव त्याला संशयितांतच धरत, कारण तो दुपारपर्यंत झोपत असे आणि तरीही त्याचं बरं चाललं होतं. पण इलाज नव्हता.

“काका, प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो,” केदार जांभई देत म्हणाला. “ट्यूबचा वेगळा, उन्हाचा वेगळा, ढगाळ असलं की अजून वेगळा. आपला डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा सांभाळत नाही. म्हणून हे कार्ड.” त्याने वहीएवढं एक कार्ड दाखवलं. त्यावर रंगांच्या चौकोनी चौकटी होत्या. “ज्या उजेडात फोटो काढायचा, त्या उजेडात आधी या कार्डाचा फोटो काढायचा. या चौकटींचे खरे रंग कॉम्प्युटरला माहीत असतात. उजेडाने ते किती बिघडवले, हे तो मोजतो आणि तेवढी दुरुस्ती साठवून ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणायचं. मग त्याच उजेडातल्या सगळ्या फोटोंना ते प्रोफाइल लावायचं. उजेड बदलला की नवीन प्रोफाइल. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, हे लक्षात ठेवा.”

“म्हणजे गेज!” दिगंबरराव जवळजवळ ओरडले. कारखान्यात प्रत्येक मापाला एक प्रमाणित गेज असे आणि वस्तू त्यात बसली नाही की बाद. जगात अजून कुठेतरी प्रमाण नावाची गोष्ट शिल्लक आहे, या विचाराने त्यांना भरून आलं.

“म्हणजे कार्ड,” केदार म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दिगंबररावांनी तसंच कार्ड मागवलं. ते आल्यावर आधी कार्डच खोटं असल्याचा संशय घेऊन केदारच्या कार्डाशी ताडून पाहिलं. मग निरोप समारंभात खात्यातल्या लोकांनी दिलेला कॅमेरा कपाटातून काढला. खात्यातले लोक इतका चांगला कॅमेरा का देतील, या शंकेने तो आजवर डब्यातच होता.

आता दिगंबरराव कार्ड आणि कॅमेरा घेऊन सोसायटीभर फिरू लागले. गच्चीवर, जिन्यात, पार्किंगमध्ये. एका हाताने कार्ड भिंतीला लावायचं, मान वाकडी करायची, दुसऱ्या हाताने फोटो काढायचा आणि कुणी आलं की कार्ड सदऱ्याआड लपवायचं. लपवायचं काही कारण नव्हतं. पण तपासणी गुप्तच असते, ही जुनी सवय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मधुमालती सोसायटीला त्याच सुमारास रंग द्यायचा होता. पुण्यातली माणसं इतर गावांतल्यांसारखीच शांतताप्रिय असतात, फक्त त्यांच्या सोसायटीला रंग देऊ नये. रंगाचं काम घेतलेला दशरथ रोज मोजमापाला येत होता. अशा वेळी एक सभासद हातात रंगीत चौकटींचं कार्ड घेऊन भिंतींना लावून बघतो आणि माणूस दिसला की ते लपवतो. यातून जो निष्कर्ष निघायचा, तो संध्याकाळपर्यंत निघाला.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर आप्पासाहेबांच्या अक्षरात सूचना होती. “सभासदांनी खासगी रंगकार्डे घेऊन सामाईक जागेत वावरू नये. रंगाचा निर्णय सोसायटी घेईल. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.”

दिगंबरराव तडक आप्पासाहेबांकडे गेले. “ही सूचना माझ्याबद्दल आहे?”

“त्यात आपलं नाव आहे का?” आप्पासाहेब गोड हसून म्हणाले. “आपणच स्वतःला ओळखलंत.”

“मी बायकोच्या साड्यांचे फोटो काढतोय!”

“पार्किंगच्या भिंतीवर?”

“उजेड तपासतोय!”

“तपासा की. उजेड सोसायटीचा नाही. भिंत सोसायटीची आहे.” आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. “कुठल्या कंपनीचे तुम्ही, एवढंच सांगा. मी कुणाला बोलणार नाही.”

तो अपमान घेऊन दिगंबरराव घरी आले. ज्या माणसाने उभ्या हयातीत ठेकेदाराचा चहा घेतला नाही, त्याला ठेकेदाराचा माणूस म्हणावं! बरं, लोकांवर संशय घेण्याचा हक्क इतकी वर्षं त्यांच्याकडे होता. तो उलटा फिरू शकतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी सामाईक जागा सोडली आणि स्वतःच्या गॅलरीतच तपासणी सुरू केली. इमारतीभोवती बांबूंची परांची चढली होती. भिंती घासताना उडणारी धूळ साड्यांवर नको, म्हणून सर्वसाधारण सभेत भांडून ए आणि समोरासमोरच्या बी अशा दोन्ही विंगना जाळी लावून घ्यायला दिगंबररावांनीच भाग पाडलं होतं. ती हिरवी जाळी गॅलरीसमोर वरपासून खालपर्यंत बांधलेली होती. पहिल्या दिवशी घरात सगळं हिरवं वाटलं, सुनीतीबाईंना वरणाचासुद्धा संशय आला. चार दिवसांनी डोळ्यांना सवय झाली आणि जाळी दिसेनाशी झाली.

डोळ्यांना झाली, कॅमेऱ्याला नाही. पण कार्डाने आपलं काम चोख केलं. जाळीतून येणाऱ्या उजेडातला हिरवेपणा किती, ते मोजून तेवढा कॉम्प्युटरने काढून टाकला आणि साड्या फोटोत जशाच्या तशा उतरल्या. आमसुली आमसुली दिसली, अबोली अबोली दिसली. खुद्द चिंतामणी फोटोतही तितकाच वादग्रस्त दिसला. दिगंबररावांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन प्रोफाइलं बनवली आणि कारखान्यातल्या सवयीने त्यांना नावं दिली: पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट. उजेड बदलतो म्हणजे वेळ बदलते, असा त्यांनी केदारच्या सांगण्याचा अर्थ लावला होता.

सुनीतीबाईंच्या साड्या जाऊ लागल्या. परत एकही येईना. एका बाईंनी तर “अगदी फोटोतल्यासारखी!” असं लिहून पाठवलं. तो निरोप सुनीतीबाईंनी मोठ्याने वाचला, मग मनात वाचला आणि मग दिगंबररावांना न विचारता चहा केला. दिगंबररावांना इतका आनंद खडकीत बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

ही वार्ता आप्पासाहेबांपर्यंत गेली आणि ते स्वतः चालत आले. अडचण अशी होती की मधुमालतीतले निम्मे घरमालक अमेरिकेत, बंगलोरला नाहीतर बाणेरला होते, म्हणजे तितकेच लांब. रंग निवडायला त्यांचं मत हवं. दशरथने मागच्या भिंतीवर सहा रंगांचे पट्टे मारून ठेवले होते. त्यांचा खरा रंग दाखवणारा फोटो ग्रुपवर टाकायचा होता.

“आपल्या कॅमेऱ्यात म्हणे रंग जसाच्या तसा येतो,” आप्पासाहेब म्हणाले. सूचनाफलकाचा विषय कुणीच काढला नाही.

“प्रमाणित आहे,” दिगंबरराव म्हणाले आणि पुढचा सगळा दिवस ताठ चालले.

आप्पासाहेबांनी पट्ट्यांना नावं न देता फक्त नंबर दिले होते. नाव वाचून कुणी मत देईल, कुणी कुणाला फितवेल, असा त्यांचा संशय. मागची भिंत म्हणजे पाण्याच्या टाकीकडची कुंपणाची भिंत, उघड्या उन्हातली. तिथे परांची नव्हती आणि जाळीही नव्हती. सकाळची वेळ होती, म्हणून दिगंबररावांनी फोटोला निःशंकपणे पहिली शिफ्ट लावली.

म्हणजे जिथे हिरवा उजेड नव्हताच, तिथून कॉम्प्युटरने तो इमानदारीने काढून टाकला.

फोटोत चार नंबरचा पट्टा भिंतीवर दिसतो तसा दिसेना, हे दिगंबररावांच्या लक्षात आलं. फोटोत तो सुरेख, उबदार, चंदनासारखा दिसत होता. भिंतीवर तो थोडा वेगळा वाटत होता. आयुष्यात प्रत्येक वस्तूवर संशय घेतलेल्या माणसाने या क्षणी काय करावं? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. नुकतंच एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळा माणसाचा, चुकायचाच. प्रोफाइल प्रमाणित.

मतदानात चार नंबरने बाकीच्यांची धूळधाण केली. अमेरिकेतून अंगठे आले, बाणेरहून फुलं आली.

“चार नंबर? नक्की ना साहेब?” दशरथने विचारलं.

“मतदान झालंय,” आप्पासाहेब म्हणाले. “लोकशाही आहे.”

“तुमची बिल्डिंग. म्हणाल तो मारू.”

रंगाचं काम सुरू झालं. जाळीआडून भिंती हिरवट दिसत. येणारे-जाणारे विचारत, “हिरवा देताय का?” आणि मधुमालतीकर हसून सांगत, “छे हो, जाळीमुळे तसं वाटतं. चंदनी आहे.” आप्पासाहेबांनी तर एकाला म्हटलं, “पुण्यात राहता आणि जाळी कळत नाही?”

जाळी उतरायची त्याच सकाळी कादंबरीताई येणार होत्या. प्रदर्शनाआधी त्यांना स्वतः खात्री करून घ्यायची होती. “फोटो हल्ली कुणीही चांगले करतं,” त्यांनी कळवलं होतं. “माझ्यासमोर काढून दाखवा. पटलं तर स्टॉल नक्की, नाही तर राग मानू नका.” सुनीतीबाईंनी पहाटेच अंघोळ केली होती, ठेवणीतली नारायणपेठ नेसल्या होत्या आणि दिगंबररावांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

कादंबरीताई आल्या, बसल्या, पोह्यांना नको म्हणाल्या. कपाटातल्या साड्यांवर नजर फिरवून त्यांनी नेमकी ती परत आलेली चिंतामणी बाहेर काढली. “हिचाच काढा.”

दिगंबरराव कॅमेरा घेऊन गॅलरीत गेले आणि त्याच क्षणी वरून दोर सुटले. जाळी सरसर खाली गेली. खालच्या पार्किंगमधून केदारने वर बघितलं. सकाळी जागा असण्याची त्याची ती वर्षातली पहिलीच वेळ असावी.

“काका,” तो ओरडला, “जाळी गेली! तुमची प्रोफाइलं गेली! नवीन करा!”

उजेड बदलला म्हणजे काय, हे दिगंबररावांना आत्ता कळलं. आणि मागच्या भिंतीवर जाळी नव्हती, हेही आत्ताच कळलं. त्यांनी भीत भीत मान वर केली. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, बी विंगची नवी कोरी भिंत उन्हात उभी होती. जाळी गेली होती आणि भिंत हिरवीच होती. साध्या सोज्ज्वळ दुधीभोपळ्यासारखी हिरवी, वरपासून खालपर्यंत.

“काय झालं?” मागून कादंबरीताईंनी विचारलं. “काढताय ना?”

नवीन प्रोफाइल करायचं तर कार्ड काढा, त्याचा फोटो काढा; आणि समोर बसलेली बाई म्हणणार की हे बघा, आधी काहीतरी करताहेत. दिगंबररावांनी सुनीतीबाईंकडे बघितलं. त्या साडी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की दिगंबररावांना तो सहन होईना. असल्या नजरेची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी डोळे मिटून फोटो काढला, आत जाऊन पहिली शिफ्ट लावली आणि शिक्षेची वाट बघत पडद्याकडे पाहिलं.

फोटो बिनचूक होता. काठ, पदर, अंग, सगळा चिंतामणी जिथल्या तिथे.

कादंबरीताईंनी फोटो मोबाइलवर घेतला. “घरात सगळंच बरं दिसतं,” त्या म्हणाल्या. “खाली उन्हात ताडून बघू.” त्या साडी घेऊन निघाल्या, मागे सुनीतीबाई, त्यांच्या मागे दिगंबरराव. जिन्यात त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. सकाळचं ऊन बी विंगच्या हिरव्या भिंतीवर पडत होतं आणि तिथून हिरवं होऊन त्यांच्या गॅलरीत येत होतं. जाळी गेली होती, पण तिच्या जागी त्यांनीच अख्खी इमारत उभी केली होती.

पार्किंगमध्ये सगळी सोसायटी माना वर करून उभी होती. अशी शांतता मधुमालतीत आजवर फक्त थकबाकीदारांची यादी वाचताना झाली होती. मग एकदम सगळे बोलू लागले. कुणी म्हणालं दशरथने डबे बदलले. दशरथने डबा आणून दाखवला, त्यावर चार नंबरच होता. अमेरिकेतून फोन आला की फोटोत असं नव्हतं. फोटो हा शब्द उच्चारला गेला आणि माना वरून खाली आल्या.

“आगाशे,” आप्पासाहेब म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. “तो फोटो प्रमाणित होता ना?”

दिगंबररावांनी तोंड उघडलं. एका बाजूला खरं सांगायचं होतं, म्हणजे मी मूर्ख आहे असं चारचौघांत जाहीर करायचं. दुसऱ्या बाजूला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

या सगळ्यात कादंबरीताईंचं लक्षच नव्हतं. त्या उन्हात साडी धरून मोबाइलशी ताडत होत्या. उलटी करून पाहिली, सावलीत नेऊन पाहिली. “तंतोतंत आहे,” शेवटी त्या जरा नाराजीनेच म्हणाल्या. “सुनीतीताई, स्टॉल तुमचा. दारासमोरचा देते.” मग त्यांनी वर बघितलं आणि दचकल्या. “अगंबाई! हा रंग कुणी निवडला हो?”

सुनीतीबाईंनी इमारतीकडे पाहिलं, मग वरच्या आपल्या गॅलरीकडे, मग हातातल्या साडीकडे. चाळीस वर्षं एका तपासनिसाशेजारी काढलेल्या बाईला गॅलरीतला उजेड कुठून आला, हे समजायला फार वेळ लागत नाही.

“यांनी,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “माझ्या साड्यांचे फोटो नीट यावेत म्हणून.”

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांचा त्यांचा संशय आज पास झाला होता. “बघा!” ते गर्दीकडे वळून म्हणाले. “पहिल्या दिवसापासून मी म्हणत होतो, यात यांचा काहीतरी स्वार्थ आहे!”

केदारला खरं काय ते एव्हाना कळलं होतं. त्याने दिगंबररावांकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या, म्हणजे सांगू का. सोसायटीतले दोन-तीन जण तावातावाने पुढे आले. दिगंबररावांना एका वाक्यात सगळं नाकारता आलं असतं. पण त्यांचं लक्ष सुनीतीबाईंकडे होतं. साडीची घडी घालता घालता त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांच्यासाठी खरोखरच कुणीतरी इमारत रंगवून दिली होती.

“हो,” दिगंबरराव छाती पुढे काढून म्हणाले. “मुद्दामच निवडला.”